कुसळ आणि मुसळ

तुमसर तालुक्यातला आंबागड किल्ला भोसल्यांच्या काळात कैदखाना होता. कैदखाना म्हटला की प्रश्न पडतो: शिक्षा ठोठावणारा माणूस स्वतःकडे कधी पाहतो का? आजचा विषय तोच.

आपला मुलूख धानाचा. खळ्यावर डोळ्यात कुसळ गेलं की डोळा लाल होतो, पाणी वाहू लागतं. आणि मुसळ? धान कांडायचं, माणसाच्या छातीएवढं लांब लाकूड. दुसऱ्याचं कुसळ दिसतं, आपलं मुसळ दिसत नाही, असं आपण म्हणतोच. मत्तयाच्या शुभवर्तमानात, सातव्या अध्यायात, येशू ख्रिस्त हेच सांगतात. ज्या मापानं तुम्ही इतरांना मोजाल, त्याच मापानं तुम्हालाही मोजलं जाईल.

पण शिकवण इथंच थांबत नाही. आधी आपलं मुसळ काढा, मग भावाचं कुसळ काढायला नीट दिसेल. म्हणजे चूक दिसली तरी गप्प बसा, असं नव्हे. स्वच्छ नजरेनं, हलक्या हातानं मदत करा.

कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. आपल्या तुमसर रोड स्थानकावरून जाणाऱ्या रेल्वेमार्गावर एका परक्या सहप्रवाशानं त्यांना नवा करार दिला. कुसळ-मुसळाची ही शिकवण ज्यात येते, त्या डोंगरावरील प्रवचनानं ते हेलावले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आज कुणाला नाव ठेवण्याआधी क्षणभर थांबूया. आधी आपला डोळा तपासूया.