बालकांचा अभ्यास आणि आपले घर

(सुवर्णमहोत्सवानिमित्त सुलतानपूर येथे झालेल्या पालक मेळाव्यातील भाषण)



मी शिक्षक नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि दुकानाच्या गादीवर बसलो, तो आजतागायत. तरीही या विषयावर बोलण्याचे धाडस करतो, त्याला आधार गिजुभाई बधेका यांचा. तेही मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाच्या काळजीतून ते या विषयाकडे वळले आणि 1920 मध्ये त्यांनी भावनगरला बालमंदिर सुरू केले. आपल्या ताराबाई मोडक तेथेच त्यांना जाऊन मिळाल्या आणि 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. तेव्हा पित्याला या विषयात अधिकार नाही, असे कोणी म्हणू नये.

मुलांच्या शिक्षणावर खर्च करताना आपण हात आखडता घेत नाही. पहिलीतल्या बालकालाही शिकवणी लावतो, आणि शिकवणी लावली की आपले कर्तव्य संपले असे मानतो. प्रकल्पाच्या वहीत मात्र अक्षर आईचे असते! माझे म्हणणे एवढेच की पहिली ते चौथीच्या मुलाला घरात आणखी एका गुरुजींची गरज नसते. त्याचे ऐकणारा आणि त्याला व्यवहारात सामील करून घेणारा वडीलधारा मनुष्य हवा असतो.

एक उदाहरण देतो. मुलाला ‘सत्तावीस’ लिहायला सांगितले की तो ‘72’ लिहितो आणि आपण त्याला मठ्ठ ठरवतो. वास्तविक तो कानाशी प्रामाणिक असतो. आपण तोंडाने सात आधी म्हणतो आणि लिहिताना दोन आधी मांडतो. मारवाडी, गुजराती, हिंदी या घरोघरच्या भाषांतही हाच उलटा क्रम आहे. इंग्रजीत मात्र वीसच्या पुढे दशक आधी उच्चारतात. इंग्रजी शाळेत जाणारे आपले नातवंड सकाळी एक क्रम ऐकते आणि सायंकाळी आजोबांकडून दुसरा. त्यात एकोणतीस! तीसला एक कमी, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस सात’ अशी वाचनपद्धती आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला! विधिमंडळातही विषय गाजला. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी शांतपणे सांगितले की जुने शब्द काढलेले नाहीत. जोडाक्षरे आणि उलटा क्रम मुलांना जड जातो, म्हणून हा सोपा पर्याय सोबत दिला आहे. टीका करणाऱ्यांपैकी किती जणांनी ते पुस्तक उघडले होते, देव जाणे.

आपल्याला तर पुस्तकाचीही गरज नाही. गल्ल्यातून दहाच्या दोन नोटा आणि रुपयाची सात नाणी काढून मुलासमोर ठेवा. ‘वीस आणि सात, म्हणजे सत्तावीस’ असे म्हणा आणि मग त्यालाच बहात्तर मांडायला सांगा. त्याच्या हाताला फरक कळेल. पाव, निम्मे, सव्वा, दीड, पाऊण, अडीच हे तर आपले रोजचे शब्द. पूर्वी पावकी, दिडकी, अडीचकी पाठ करून घेत. आज ती म्हणणारे मूल क्वचितच आढळते. पाठांतराचा आग्रह मी धरत नाही. पण सव्वादोन मीटर कापड फाडताना मीटरपट्टीचे एक टोक मुलाच्या हाती द्यायला काय हरकत आहे? पावणेतीन म्हणजे तीनला पाव कमी, 275 सेंटिमीटर, हे तो तेथेच शिकेल.

आता वाचनाविषयी. 5 जुलै 2021 रोजी केंद्र शासनाने ‘निपुण भारत’ अभियान सुरू केले. तिसरीच्या मुलाने अपरिचित मजकुराचे मिनिटाला किमान 60 शब्द अर्थ समजून वाचावेत, असे त्यात अपेक्षित आहे. घड्याळ लावून परीक्षा घ्या, असे मी म्हणत नाही. रोज पंधरा मिनिटे मुलाने मोठ्याने वाचावे आणि घरातील कोणीतरी ऐकावे. ज्या आजीची शाळा चौथीतच सुटली, तीही ऐकू शकते. ‘मग पुढे काय झाले?’ एवढे तिने विचारले तरी पुरे. त्याने उत्तर आपल्या बोलीत द्यावे. इंग्रजीचा हट्ट तेथे नको. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षण द्यावे, असेच म्हटले आहे.

वेळ नाही, ही आपली नेहमीची सबब. मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य शासनाने चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आत भरवू नयेत, असा निर्णय केला. आपण मात्र रात्री अकरापर्यंत दूरदर्शन चालू ठेवून ती सवलत वाया घालवतो. ज्या घरांत सूर्यास्तापूर्वी भोजन होते, तेथे तर निजेपर्यंत दोन-तीन तास मोकळे असतात. दुकानातले पुरुष आठ-नऊला घरी येतात. तोपर्यंत आजी-आजोबांनी हे काम हाती घ्यावे. रविवारी मात्र पित्याने बसावे.

बालभारतीची पाठ्यपुस्तके संस्थेच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. मराठी पहिली-दुसरीचे पुस्तक आजच मोबाइलवर उतरवून घ्या, म्हणजे इंग्रजी शाळेतल्या नातवंडालाही उद्यापासून वाचायला काही सापडेल.