चार सुती नट आणि बारा मिलिमीटरचा बोल्ट

शिवाजी उद्यमनगरातल्या कारखान्यांत ज्यांची हयात गेली, त्यांच्यापुढे प्रोसेसरच्या जाती आणि पॅकेजे हा विषय मांडताना लिनक्सपासून सुरुवात करायची गरज नाही. चार सुती, म्हणजे इंची मापाचा नट आणि १२ मिलिमीटरचा बोल्ट हातात घेतले तर जोडीचे वाटतात. बोल्ट एखादा आटा घेतोही, मग अडतो. पान्याला पाइप लावून जोर केला की आटेच जातात.

लिनक्सच्या पॅकेजांचेही तसेच. पॅकेजातला प्रोग्रॅम एका ठरावीक जातीच्या प्रोसेसरला कळतील अशा आज्ञांत उतरवलेला असतो. दुसऱ्या जातीवर चालवला की ‘एक्झेक फॉरमॅट एरर’. पॅकेजे बसवणाऱ्या डीपीकेजीवर जबरदस्ती करून पॅकेज बसवता येते, पण तो पाइपचाच प्रकार. बसते, चालत नाही.

नावेही फसवतात. इंटेलच्या लॅपटॉपला डेबियन आणि उबुंटू ‘एएमडी६४’ म्हणतात. ही ६४ बिटी आज्ञावली एएमडीने आखली, २००३ मध्ये ऑप्टेरॉनमधून बाजारात आणली. इंटेलने ती नंतर घेतली. नाव पहिल्याचेच राहिले.

अपडेट करताना हमखास दिसणारी एक ओळ सांगते की, पॅकेजांच्या अमुक साठ्यात ‘आय३८६’ नाही, म्हणून तेवढे वगळले. ही सूचना आहे, बिघाड नव्हे. कधी काळी विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारे वाइन बसवताना ही ३२ बिटी जात जोडलेली असते, नव्या साठ्यात ती मिळत नाही, एवढेच. त्या साठ्याच्या ओळीत ‘आर्च=एएमडी६४’ घातले की ती ओळ थांबते. आय३८६ मुळातूनच काढायचे तर आधी त्या जातीची सगळी पॅकेजे काढावी लागतात. वाइन लागत असेल तर त्या वाटेला जाऊच नका.

जाती किती बदलतात ते पाहायचे तर पुण्याच्या सी-डॅकचे परम महासंगणक आठवा. १९९१ चा परम ८००० ट्रान्सप्युटरवर, १९९८ चा परम १०००० सनच्या अल्ट्रास्पार्कवर, २००८ चा परम युवा इंटेलच्या झिऑनवर. घराणे एक, पण एकाचा तयार प्रोग्रॅम उचलून दुसऱ्यावर ठेवला तर चालणार नाही. मूळ लिखाण घेऊन पुन्हा कंपाइल करणे आलेच.

सगळ्यात चकवणारे उदाहरण रास्पबेरी पाय ४ चे. २०२३ मध्ये अपडेटनंतर ३२ बिटी प्रणालीवर ६४ बिटी कर्नल सुरू होऊ लागला. बाकीचा संसार ३२ बिटीच. ‘यूनेम -एम’ या आज्ञेला विचारा, तो म्हणतो ‘एआर्च६४’. डीपीकेजीला विचारा, तो म्हणतो ‘आर्मएचएफ’. खोटे कोणीच बोलत नाही! पहिला कर्नलची जात सांगतो, दुसरा पॅकेजांची. यूनेमवर विसंबणारी इन्स्टॉल स्क्रिप्ट मात्र भलतीच फाइल उतरवते. पॅकेज बसवताना ऐकायचे ते डीपीकेजीचे.

तेव्हा आज घरी गेल्यावर ‘डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर’ एवढे विचारा. जो शब्द येईल तो चिठ्ठीवर लिहून यंत्राला चिकटवा, आणि कोणाकडे मदत मागाल तेव्हा पहिल्याच ओळीत तो सांगा.