पिणारा येत नाही, तर घरच्यांनी काय करायचे?
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



सकाळपासून भाव, वीजबिल, पीकविमा यांवर बोलून झाले. आता जो विषय घेतो आहोत तो ठरावात बसत नाही, आणि मंडपात त्याचे नाव निघाले की पुरुष मंडळी चहाला उठतात. विषय दारूचा आहे. कृपा करून बसून राहावे.

आधी एक गोष्ट साफ करू. शेतकरी दारूपायी बुडाला असे सांगणारे साहेब आणि पुढारी आपण पुष्कळ पाहिले. कोरडवाहू कापसाचा नि ज्वारीचा हिशेब कोणीही मांडून पाहावा. घरात थेंब नसलेला शेतकरीही त्याच खड्ड्यात आहे. भावाचा प्रश्न बाटलीत कोंबू द्यायचा नाही, हे आम्ही आजही तितक्याच ठासून सांगतो. पण म्हणून गावात बाटलीच नाही असे होत नाही. आत्महत्येच्या प्रकरणाची पात्र-अपात्र छाननी सुरू झाली, की दारूचे नाव निघाले तर मदत बुडेल या धाकाने घरचे तोंड शिवून बसतात. माणूस जिवंत असताना त्याच्या पिण्याबद्दल बोलायचे नाही ते अब्रूसाठी, गेल्यावर बोलायचे नाही ते कागदासाठी. मग बोलायचे कधी?

दुकाने बंद करण्याची लढाई आपल्या बायांनी लढली आहे. लोकांच्या रेट्याने गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली. चंद्रपुरात २०१५ मध्ये झाली आणि २०२१ मध्ये उठली. त्या लढाईवर आज बोलत नाही. आजचा सवाल लहान आणि जास्त अवघड आहे. दुकान चालू असो की बंद, घरातला माणूस पितो आणि दवाखान्यात यायला तयार नाही. त्याच्या बायकोने, आईने, भावाने काय करायचे?

या एका सवालावर उभे आयुष्य घालवलेला एक मानसशास्त्रज्ञ अमेरिकेत आहे. त्यांचे नाव रॉबर्ट मायर्स. त्यांचे वडील पिणारे होते. आईची विनवणी आणि भांडण, दोन्ही वाया जाताना त्यांनी लहानपणी पाहिले. या कामाची मुळे दक्षिण इलिनॉयमधली, म्हणजे त्यांच्याकडच्या शेती आणि कोळसाखाणीच्या मुलखातली. तिथे अ‍ॅना नावाच्या लहान गावी सरकारी मनोरुग्णालय होते. जॉर्ज हंट आणि नेथन अ‍ॅझरिन या दोघांनी १९७३ मध्ये तिथे एक साधा विचार पुढे मांडला: दारू सोडलेल्या माणसाला काम, घर, सोबत आणि करमणूक दारूपेक्षा बरी मिळाली, तरच तो दारूपासून दूर राहील. उपदेशाने राहणार नाही. मायर्स याच अ‍ॅझरिन यांच्याबरोबर काम करून तयार झाले.

पुढे १९८६ मध्ये अ‍ॅझरिन आणि सिसन यांनी हीच गोष्ट घरच्यांकडून सुरू केली. बारा घरच्या माणसांचा लहानसा प्रयोग होता. सातजणींना नवी रीत शिकवली, पाचजणींना नेहमीचा सल्ला दिला. सातांपैकी सहांच्या घरचा पिणारा इलाजाला आला, पाचांपैकी एकाही घरचा आला नाही. बारा म्हणजे फार थोडे, हे आम्हालाही कळते. म्हणून १९९९ चा प्रयोग महत्त्वाचा. न्यू मेक्सिको विद्यापीठात विल्यम मिलर आणि मायर्स यांनी १३० नातेवाईक घेतले, सगळ्यांच्या घरी इलाजाला नकार देणारा पिणारा. त्यांचे तीन गट केले आणि प्रत्येकाला सारखेच १२ तास दिले. पहिल्या गटाला सांगितले, त्याचा नाद सोडा, स्वतःला सांभाळा. दुसऱ्याला शिकवले, सगळे नातेवाईक जमवून त्याला एकदाच समोर बसवा आणि खडसावा. तिसऱ्याला मायर्स यांची रीत शिकवली, तिला क्राफ्ट म्हणतात. पहिल्या गटात शेकडा १३ पिणारे इलाजाला आले, दुसऱ्यात ३०, तिसऱ्यात ६४. पहिल्या रीतीचा हेतू पिणाऱ्याला आणणे हा मुळात नाहीच, तेव्हा तिला नापास म्हणणे बरोबर नाही. घरच्यांच्या मनाचा भार तिन्ही गटांत हलका झाला, हेही नोंदवले आहे. खडसावण्याची रीत मात्र आपल्याकडे गावोगाव चालते. चार भाऊबंद जमवायचे, पारावर बसवायचे, देवाची शपथ घालायची. पोळ्याला घातलेली शपथ कापसाचा चुकारा हातात पडेपर्यंत टिकते.

मग तिसरी रीत काय? शेतात कीड दिसली की आपण लगेच पंप पाठीवर घेत नाही. आधी पाने उलटी करून पाहतो, कुठे आहे, किती आहे, कशावर जगते. बाईने पिण्याचे तसेच पाहायचे. कोणत्या वारी पितो, कोणाबरोबर, त्याआधी काय घडले होते? बाजाराच्या दिवशी? सावकार येऊन गेला त्या संध्याकाळी? पिऊन त्याला काय मिळते? झोप, की सोबत, की दोन तास विसर? हे कळले की कोणती संध्याकाळ मोकळी सोडायची नाही ते कळते.

दुसरे, ज्या दिवशी तो पीत नाही त्या दिवशी घर गोड असले पाहिजे. आपल्याकडे नेमके उलटे होते. तो शुद्धीत असतो तेवढ्यात आठवड्याचे सगळे ऐकवून घ्यायचे, कारण पिलेल्याला ऐकवून उपयोग नाही. म्हणजे शुद्धीवर राहण्याची शिक्षा! त्या दिवशी गरम भाकरी, पेरणीच्या चार गोष्टी, पोरांना जवळ बसवणे. आणि पिऊन आला तर भांडणही नाही आणि सेवाही नाही. ओकारी काढायची नाही, उधारी फेडायची नाही, मुकादमाला ‘ताप आला’ म्हणून खोटे सांगायचे नाही. दारूची झळ त्याची त्याला लागू द्यायची.

तिसरे, वेळ साधायची. स्वतःच्या वागण्याची त्याला लाज वाटते असा एखादा दिवस येतोच. त्या दिवशी डॉक्टरचे नाव, वार आणि गाडीभाडे तयार हवे. महिनाभराने जाऊ म्हटले की गेले.

मिलर यांनी याच्याही आधी, १९९३ मध्ये, सल्ला देणाऱ्यांकडे पाहिले होते. सल्लागार जितका वाद घालून पिणाऱ्याला कोपऱ्यात धरी, तितका तो माणूस वर्षभराने जास्त पीत असल्याचे दिसले. व्यासपीठावरून भाषणे ठोकणाऱ्या आम्हा मंडळींनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

महिला आघाडीतल्या बहिणी इथे विचारतील, नि विचारलेच पाहिजे: पितो तो, आणि धडा पुन्हा बाईनेच गिरवायचा? सवाल खरा आहे. या रीतीत त्याचे अर्धेच उत्तर आहे. मारझोड होत असेल तर पहिला धडा जीव वाचवण्याचा: कुठे जायचे, कोणाला हाक मारायची, पैसे आणि कागद कुठे ठेवायचे. तो सुधारो न सुधारो, बाईच्या स्वतःच्या जगण्यात सुख वाढले पाहिजे, हेही तिथे शिकवतात. उरलेले अर्धे उत्तर दीर, सासरा आणि गावाने द्यायचे आहे. ते एकटीवर टाकून भागणार नाही.

हे अमेरिकेचे झाले, आपल्या तालुक्याला मानसोपचाराचा डॉक्टर कुठे, असे कोणी म्हणेल. गोव्यात डॉ. अभिजित नाडकर्णी, डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पिणाऱ्या पुरुषांवर केलेला प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. डॉक्टर नसलेली, शिकवून तयार केलेली साधी माणसे चार बैठकींपर्यंत बोलत. ही बोलण्याची रीत मिलर यांच्याच वळणाची. तीन महिन्यांनी अशा बोलण्याने शेकडा ३६ जणांचे पिणे धोक्याच्या रेषेखाली आले, नुसत्या नेहमीच्या उपचाराने २६ जणांचे. फार मोठा फरक नाही, पण खर्चही मोठा नाही. आणि आपल्या विदर्भातच, अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत, गावातल्याच कार्यकर्त्यांकरवी काम झाले, तेव्हा नैराश्याने ग्रासलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत शेकडा ४.३ वरून २७.२ वर गेले. पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये उभ्या केलेल्या मुक्तांगणातही घरच्यांना उपचारात धरतात.

एक सावधगिरी. जो माणूस रोज, सकाळपासून पितो, त्याला खोलीत कोंडून एकाएकी दारू तोडू नका. दोन-तीन दिवसांत झटके येतात, भ्रम होतो, जीवही जातो. अशाला सरकारी दवाखान्यात दाखवूनच सोडवायची. फोनवर बोलायचे तर २०२२ पासून सरकारची १४४१६ ही मोफत मानसिक आरोग्य सेवा आहे, आणि तिथे पिणाऱ्यानेच बोलावे असे नाही. बायको बोलली तरी चालते.

या जिल्ह्यापुरती आमची मागणी एवढीच: प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवडी बाजाराच्या दिवशी असा एक शिकवलेला माणूस बसावा, आणि त्याच्याकडे जायला चिठ्ठी, दाखला, आधार काही लागू नये. निवेदन तयार आहे. मंडपाबाहेर जाताना सह्या कराव्यात. बायांनी आधी.