जुना कंट्रोलर, नवा संगणक आणि मधला दुभाषा



पुष्कळ घरांत माळ्यावर एखादें जुनें खेळयंत्र पडलेलें असतें. यंत्र बंद पडतें, पण त्याचा कंट्रोलर बहुधा शाबूत राहतो. तो टाकून द्यावा कीं संगणकाला जोडावा, याचा आज विचार करूं.

उदाहरणादाखल निन्टेन्डो कंपनीचा कंट्रोलर घेऊं. तिचें फॅमिकॉम हें यंत्र १९८३ सालीं जपानांत निघालें व १९८५ सालीं एनईएस या नांवानें अमेरिकेंत गेलें. आपल्याकडे १९९० नंतरच्या दशकांत त्याच्या नकला पुष्कळ खपल्या. एनईएसच्या कंट्रोलरवर चार दिशांची फुली धरून आठ कळा असतात. पण त्यांची माहिती वाहण्यास एकच तार पुरते. यंत्र प्रथम इशारा देतें. त्या क्षणीं कोणत्या कळा दाबलेल्या आहेत याची आंतील ४०२१ क्रमांकाची चिप नोंद करते, आणि मग ठोक्यासरशीं एकेका कळीचें उत्तर क्रमानें पाठवते. मास्तरांनीं वर्गाची हजेरी घ्यावी, तसाच हा प्रकार. ही हजेरी सेकंदास सुमारें ६० वेळां होते. १९९० च्या सुपर फॅमिकॉममध्यें कळा १२ झाल्या, पण रीत तीच राहिली.

संगणकाची रीत निराळी. १९९६ पासून आलेल्या यूएसबी जोडणींत उपकरणाला आधीं आपली ओळख सांगावी लागते: आपण कोण, कळा किती, उत्तर कोणत्या नमुन्यांत देणार. जुन्या कंट्रोलरला ही भाषा ठाऊक नाहीं. म्हणून नुसत्या तारा जुळवून भागत नाहीं. मध्यें दुभाषा लागतो. हा दुभाषा म्हणजे मायक्रोकंट्रोलर बसवलेलें लहानसें ॲडॅप्टर. एका अंगानें तें जुन्या यंत्राचें सोंग घेऊन हजेरी घेतें, आणि दुसऱ्या अंगानें ती संगणकाला साध्या गेमपॅडच्या भाषेंत कळवतें.

येथें एका धोक्याची सूचना देणें अवश्य आहे. नकली यंत्रांच्या पुष्कळ कंट्रोलरांचें टोक नऊ छिद्रांचें असतें व जुन्या संगणकाच्या सीरियल पोर्टवर तें नेमकें बसतें. बसतें म्हणून जोडावें, असें मात्र मुळींच करूं नये. त्या पोर्टवर धन वा ऋण १२ व्होल्टांपर्यंत दाब असूं शकतो; ५ व्होल्टांवर चालणारी चिप त्यानें जळूं शकते. शिवाय टोकें सारखीं दिसलीं तरी तारांचा क्रम यंत्रागणिक बदलतो. म्हणून आपला कंट्रोलर कोणत्या यंत्राचा, हें पक्कें करूनच ॲडॅप्टर घ्यावें.

एखादी कळ मुकी असेल, तर लगेच चिपला दोष देऊं नये. कळीखालीं रबराची गादी व तिच्या पोटाशीं कार्बनचा थर असतो. तेथें मळ साचतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा हलक्या हातानें फिरवला, तर कळ पुष्कळदां पुन्हां बोलूं लागते.

नवा गेमपॅड सहज मिळत असतां हा खटाटोप कशाला, असें कोणी विचारील. या फुलीवरील अंगठ्यासाठींच ज्या खेळांतील उड्या मोजल्या गेल्या, ते खेळ तिच्यावरच खरे खुलतात, हें एक कारण. दुसरें अधिक महत्त्वाचें. हा कंट्रोलर चाळीस वर्षांनंतरही उपयोगीं पडतो, कारण त्याची भाषा साधी आहे आणि ती सर्वांस ठाऊक झाली आहे. आज आपण घरांत आणतों त्या उपकरणांची भाषा आणखी चाळीस वर्षांनीं कोणाला उलगडतां येईल काय, हा प्रश्न तीं विकत घेतांनाच विचारलेला बरा.