तीन शब्द आणि एक दरबार

(एका अभ्यासवर्गातील भाषणाचे शब्दांकन)



आजचा विषय वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. चर्चच्या ध्येयधोरणाचा अभ्यास आपण कशासाठी करावा? ज्यांच्याशी आपला मतभेद आहे, त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत आपल्याला ठाऊक नसेल, तर आपला विरोध हा नुसता आरडाओरडा ठरतो, म्हणून.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा निरनिराळ्या परंपरांची ख्रिस्ती मंडळे एकत्र आली आणि ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ची स्थापना झाली. संघाचा जन्म ज्या नगरीत झाला, तीच ही नगरी. तरीही आपल्यापैकी फार थोड्यांना ही घटना माहीत असेल. या चर्चने बोधवाक्य म्हणून तीनच शब्द घेतले : ऐक्य, साक्ष, सेवा.

ऐक्याबद्दल फार बोलायला नको. अँग्लिकन, बाप्टिस्ट, मेथडिस्ट हे भेद विलायतेतल्या वादांतून जन्मले. नगर जिल्ह्यातल्या शेतमजुराने ते ओझे का वाहावे? ते उतरवण्याचा प्रयत्न झाला, हे योग्यच झाले.

खरा प्रश्न साक्षीचा आहे. आपल्याला आलेला अनुभव दुसऱ्यास सांगणे एवढाच साक्षीचा अर्थ असेल, तर आपली तक्रार असण्याचे कारण नाही. कीर्तनाला उभा राहणारा वारकरी तरी दुसरे काय करतो? परंतु सांगणाऱ्याच्या पाठीशी परदेशी पैसा उभा असेल आणि ऐकणारा भुकेला, आजारी वा कर्जात बुडालेला असेल, तर ती साक्ष निर्मळ राहत नाही. १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, राज्यघटनेने दिलेला धर्मप्रचाराचा अधिकार म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार नव्हे. त्याच्या एकवीस वर्षे आधी, १९५६ मध्ये, भवानीशंकर नियोगी समितीचा अहवाल आला होता. त्यातील मिशनऱ्यांवरचे ताशेरे आपण सभांतून नेहमी सांगतो. एक शिफारस मात्र सांगायची राहून जाते : भारतीय ख्रिस्ती समाजाने परकीय मदतीवर न विसंबता आपले एकसंध, स्वतंत्र चर्च उभारावे.

ही शिफारस वाचली की मला रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवतात. १८६१ साली कोकणात करजगावी जन्मलेला हा चित्पावन ब्राह्मण. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा तो निर्णय आपल्याला पटणार नाही. मलाही पटत नाही. पण धर्म बदलला म्हणून त्यांनी देश बदलला नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते सांगत. त्यांनी ख्रिस्ती उपासनेत भजन-कीर्तन आणले, शेकडो मराठी गीते रचली. अमेरिकन मराठी मिशनचे गोरे मिशनरी भले होते, परंतु वडीलकी त्यांची आणि आज्ञापालन आपल्या लोकांचे, ही रीत टिळकांना सलत राहिली. अखेर १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून ते साताऱ्यास राहिले आणि ‘देवाचा दरबार’ हा बंधुसंघ त्यांनी आरंभला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही बसू शकत. म्हणजे ज्या संस्काराच्या आकड्यांवर मिशनांचे यश मोजले जाई, तोच त्यांनी उंबरठ्याबाहेर ठेवला! प्रयोग अल्पायुषी ठरला. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले.

टिळकांचे चर्च उभे राहिले असते, तर आपला ख्रिस्ती समाजाशी असलेला वाद कितीसा उरला असता? माझ्या मते फार थोडा.

आता तिसरा शब्द, सेवा. येथे मी चर्चकडे बोट दाखवणार नाही. १९५२ साली बाळासाहेब देशपांड्यांनी जशपूरला वनवासी कल्याण आश्रमाचे काम सुरू केले, तोवर त्या डोंगराळ मुलखात शाळा आणि औषध घेऊन मिशनरी केव्हाच पोहोचले होते. आपण उशिरा गेलो. आणि टिळक तरी का गेले? त्यांना पोटाची चिंता नव्हती, कोणी आमिषही दाखवले नव्हते. माणसामाणसांत भिंती घालणारी जातिव्यवस्था त्यांना असह्य झाली होती आणि तिच्यावरचा उपाय त्यांना आपल्या घरात दिसला नाही. आमिषाने झालेल्या धर्मांतराला कायद्याने उत्तर देता येते, टिळकांच्या धर्मांतराला येत नाही.

पती ख्रिस्ती झाल्यावर लक्ष्मीबाईंची काही वर्षे ताटातूट झाली. त्या विरहात त्यांनी काय सोसले, ते ‘स्मृतिचित्रे’त आहे. सोवळेओवळे कडकपणे पाळणारी ही बाई राहुरीस असताना एके दिवशी स्वतःशीच विचार करते की, जात देवाने केली की माणसाने, आणि त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय करते. तेव्हा तिचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. हिंदू असतानाच, कोणा पाद्र्याच्या उपदेशावाचून, तिने ती भिंत ओलांडली. हे प्रकरण मी अनेकदा वाचले आहे आणि दर वेळी मनात येते की, हाच विचार त्या काळच्या आपल्या शंभर घरांत झाला असता तर?

पुढच्या वर्गाला येताना प्रत्येकाने ‘स्मृतिचित्रे’ वाचून यावे, एवढी विनंती करतो. भगिनींनी घरातल्या मंडळींनाही ते वाचून दाखवावे. चर्चा आपण राहुरीच्या त्या प्रकरणापासून सुरू करू.