आधी अवघड प्रश्न

नागपूरच्या मिहानमधल्या कंपन्यांत काम करणारी तुम्ही तरुण मंडळी ज्याला रोज 'पीओसी' म्हणता, ते प्रूफ ऑफ कन्सेप्ट हा आजचा विषय. मोठ्या कामाला हात घालण्याआधी त्यातली मूळ कल्पना चालते का, हे लहान प्रमाणावर करून पाहायचे. पण नेमके काय करून पाहायचे?

आधारचेच उदाहरण घ्या. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी रंजना सोनवणे यांना देशातला पहिला आधार क्रमांक मिळाला. मला मोलाचे वाटतात ते त्याआधीचे महिने. बारा आकडी क्रमांक काढणे, नाव-पत्ता साठवणे यात शंका नव्हतीच. शंका होती बोटांची. आपल्या भंडारा-गोंदियात विड्या वळणाऱ्या बायांच्या बोटांवरच्या रेषा झिजून जातात. ठशांच्या दर्जाचा भारतात खोलवर अभ्यास झालेला नाही, असे बायोमेट्रिक मानके ठरवणाऱ्या समितीनेच नोंदवले होते.

मग मार्च ते जून २०१० या काळात आंध्र प्रदेश, कर्नाटक आणि बिहारच्या ग्रामीण भागात चाचणी झाली. दिल्लीतल्या कचेरीत कारकुनांचे ठसे घेऊनही 'चालते' असे दाखवता आले असते! इथे खेड्यातली माणसे घेतली आणि त्यांनाच तीनेक आठवड्यांनी पुन्हा बोलावले. तोच माणूस दुसऱ्यांदा आला तर यंत्रणा त्याला ओळखते का, हाच तर खरा प्रश्न होता. दहा बोटांच्या जोडीला दोन्ही बुबुळे घेतली तर काम भागते आणि खेड्यातही ती घेता येतात, हे कळले. हे कोट्यवधींच्या नोंदणीनंतर कळले असते, तर सगळा देश पुन्हा रांगेत उभा करावा लागला असता.

तुम्ही मात्र ग्राहकापुढे बहुधा लॉगिनचा पडदा आणि रंगीत आलेख ठेवता. ते जमणारच होते. जे जमेल की नाही याची धास्ती वाटते, ते आधी करा. आणि कोणते उत्तर आले तर काम थांबवायचे, हे कोड लिहिण्यापूर्वीच ठरवा.

आधारची दुसरी चाचणी ओळख पटवण्याची. तिचा अहवाल २०१२ मध्ये आला. प्रत्येकाचे उत्तम उमटणारे बोट शोधून ते एकदाच टेकवले, तर सुमारे ९३ टक्के लोकांची ओळख पटली. दोन बोटे आणि जास्त संधी दिल्यावर हा आकडा ९९ च्या आसपास गेला. अनेकांनी एवढेच वाचले. पण एक कोटी माणसांत एक टक्का म्हणजे एक लाख माणसे. पुढे रेशन दुकानांत ठसा जुळेना म्हणून रिकाम्या पिशवीने परतलेल्यांच्या तक्रारी देशभरातून आल्या. चाचणीने ही माणसे आधीच दाखवली होती. ठसा न जुळणाऱ्याला त्याच दिवशी, त्याच दुकानात धान्य कसे मिळेल, याचे उत्तर मूळ आराखड्यातच असायला हवे होते.