थकवा एकट्याला गाठतो
(व्याख्यानमालेत निरगुडसर येथे दिलेले व्याख्यान)



२०२२ मध्ये शिवसेना फुटली, २०२३ मध्ये राष्ट्रवादी. फूट मुंबईत पडली, पण अबोला आपल्या वाड्यावस्त्यांवर चुलत्या-पुतण्यांत आला. पहाटे डेअरीला दूध घालायला निघालेला माणूस मोबाइल उघडतो आणि उजाडायच्या आत त्याचं डोकं तापतं. रात्री जेवताना पुन्हा तेच. काही महिने तो हे सोसतो आणि एक दिवस म्हणतो, "आता राजकारणाचं नावच नको." असं म्हणणारी माणसं बहुधा भली असतात. ती बाजूला झाली की गावाचं नुकसान होतं, म्हणून मला त्यांच्याशी बोलायचं आहे. तुमच्या संतापाला रोज खतपाणी मिळालं आणि हाताला काम काहीच मिळालं नाही, म्हणून तुम्ही थकलात.

आपल्याच आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा बाबू गेनू १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला. बलिदान एका क्षणाचं असतं. मागे राहिलेल्यांना वर्षानुवर्षं टिकावं लागतं. घोड नदीवर डिंभ्याला धरण झालं, त्या जलाशयाला बाबू गेनूचं नाव दिलं. त्याच पाण्याखाली जुनं आंबेगाव गेलं, आदिवासींची भातखाचरं गेली. धरणाच्या पाण्यावर तालुक्याच्या पूर्व भागात ऊस उभा राहिला, त्याची किंमत पश्चिमेच्या माणसांनी मोजली. पूर्व भागात बसून हे बोलायलाच हवं.

जमीन गेलेल्या त्या आदिवासींना तर रोज पेटून उठावं असं कारण होतं. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या 'शाश्वत' संस्थेच्या साथीने त्यांनी त्या मोठ्या दुःखातून हाती धरता येतील असे प्रश्न वेगळे काढले. पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी जमीन कसायला मिळावी, हा एक. जलाशयातली मासेमारी स्थानिकांच्या हाती असावी, हा दुसरा; त्यासाठी सहकारी संस्था उभी राहिली. आणि जोडीला पडकई, म्हणजे डोंगरउतारावर बांध घालून भातखाचर तयार करणं. दगड उचलायचे, रचायचे, माती ओढायची. आज याच्या रानात, उद्या त्याच्या. संध्याकाळी बांध पुढे सरकलेला डोळ्यांनी दिसतो. कचेरीतून 'पुढच्या महिन्यात या' ऐकून आलेल्या माणसाला ते दिसणं फार मोठा आधार असतो. २०१२ मध्ये 'शाश्वत'ला संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिक मिळालं.

दुसरं उदाहरण पुण्याचं. २० ऑगस्ट २०१३ रोजी तिथल्या एका पुलावर अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला. त्यानंतर कितीतरी वर्षं दर महिन्याच्या २० तारखेला कार्यकर्ते त्या पुलावर जमत राहिले. खटल्याचा निकाल लागला १० मे २०२४ रोजी. दोघांना जन्मठेप झाली, तिघे निर्दोष सुटले. जवळजवळ अकरा वर्षं! रोज छाती बडवून घेतली असती, तर कुणी इतकं टिकलं नसतं. दुःखाला तारीख आणि जागा ठरवून दिली होती, म्हणून बाकीचे दिवस प्रबोधनाच्या कामाला मोकळे राहिले.

तेव्हा माझी विनंती अशी. एकच प्रश्न धरा. बिबट्याच्या भीतीने रात्री उसाला पाणी द्यायला जाताना जीव मुठीत धरावा लागतो. म्हणून शेतीला दिवसा वीज हवी, हा प्रश्न घ्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ग्रामसभेच्या तारखा सगळ्यांना पाठ आहेत. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांतली कमी असेल ती संख्या लागते. तेवढी माणसं जमवा आणि ठराव लिहून घ्या. पाठपुराव्याला पाच-सहा जणांनी पाळी लावा. ज्याच्या घरी लग्नकार्य आहे, कांदा काढणीला आलाय, त्याने त्या महिन्यात खुशाल थांबावं. त्याला पळपुटा म्हणू नका. बातम्या सकाळी एकदा वाचा, रात्री मोबाइल बाजूला ठेवा. आणि ज्या चुलत्याशी अबोला आहे, त्यालाच या पाळीत घ्या. पक्ष त्याचा वेगळा असेल. रात्रीच्या पाण्याची पाळी दोघांनाही चुकत नाही.